डब्याचा कान

त्याला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि तो खुशाल ओ देई. रेडिओ, अँप्लिफायर आणि लाउडस्पीकर दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं, त्यावरून हे नाव पडलं असं तो स्वतः सांगे. पण त्याने किराणा विकला असता तरी लोकांनी हेच नाव ठेवलं असतं. माणूस रस्त्याच्या टोकाला असला तरी तो येतोय हे सगळ्या गल्लीला कळायचं. आधी शिट्टी, मग खाकरणं, मग कुणाला तरी हाक, आणि हाकेला ओ मिळायच्या आत त्याची खेचणं सुरू. गप्प बसलेला भोंगा कुणी पाहिला नव्हता.

हातात मात्र कसब होतं. दुसऱ्यांनी हात टेकलेला रेडिओ तो उघडायचा, नाक जवळ नेऊन वास घ्यायचा आणि आत काय जळलंय ते सांगायचा. पोटापुरतं सहज मिळत होतं. पण त्याचा जीव कामात नव्हता, दारातल्या फळीवर होता. त्या फळीवर समोरचे टेलरमास्तर आणि शेजारचा घड्याळजी दुपारी येऊन टेकत. येता-जाता आणखी दोघंचौघं थांबत. मग भोंगा डाख लावायची गरम सळई हातात धरून नकला करी. डॉक्टरची करी, पोस्टमनची करी, टेलरमास्तरांची तर त्यांच्यासमोरच करी. लोक हसत. पण सगळ्यांत जास्त हशा एकाच नकलेला मिळे, आणि ती नक्कल त्याच्या बायकोची होती.

बायको अडखळत बोलायची. लग्न ठरताना ती एक अक्षर बोलली नव्हती आणि भोंगा क्षणभर थांबला नव्हता, त्यामुळे दोघांचं छान जमेल असं दोन्हीकडच्या मंडळींना वाटलं. ‘मुलगी मोजकं बोलते’ एवढंच सासऱ्याने सांगितलं होतं, आणि ते खोटंही म्हणता येत नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा तिने धीर करून विचारलं, “पा-पा-पाणी देऊ का?” आणि भोंगा खदखदून हसला. त्याला वाटलं, ती गंमत करतेय. गंमत नाही हे त्याला लगेच कळलं, तिचा चेहराच तसा झाला होता. पण तोवर हसू आलं होतं, आणि आलेलं हसू वाया घालवणाऱ्यातला तो नव्हता. दुसऱ्या दिवशी फळीवर ‘पा-पा-पाणी’ झालं. लोक पोट धरून हसले. त्याच दिवशी त्याने तिला नावही दिलं, लूज कनेक्शन. धंद्यातलंच नाव, फुकटात मिळालेलं.

मग वर्षामागून वर्षं तेच. बायको हुशार होती, तिने वाटा शोधल्या. जे शब्द घशात अडकत ते ती टाळू लागली. पाणी विचारायला नको म्हणून तहान लागायच्या आधीच पेला समोर ठेवी. बटाटा म्हणवत नसे, तर ‘ते मातीतलं’ म्हणे. भोंग्याने तेही पकडलं. “आज आमच्याकडे मातीतलं आहे हो,” असं तो दुकानातून ओरडून सांगे. शेवटी तिने बोलणंच कमी करत करत मीठ-मिरचीपुरतं आणून ठेवलं. मूलबाळ झालं नाही. बोलायचं तरी कुणाशी होतं?

दुकान खाली, घर वर. मागच्या अंगाला अरुंद जिना होता. चहा हवा असला की भोंगा काठीने छताला ठोकायचा, आणि बायको तबक घेऊन उतरायची, फळीवर कुणाकडे न बघता कप ठेवायची आणि वर निघून जायची. कुणी मुद्दाम “काय वहिनी, बरं आहे ना?” म्हटलं तरी मान हलवून मोकळी. त्यामुळे भोंग्याची पंचाईत झाली. नवा माल येईना. तेच पाणी आणि तोच बटाटा किती दिवस चालणार? एकदा घड्याळजी जांभई देऊन म्हणाला, “भोंग्या, जुनी तबकडी झाली रे. काहीतरी नवीन काढ.”

हे भोंग्याला लागलं. चिडून त्याने जे काढलं ते म्हणजे वर-खाली बोलायचं यंत्र. जिना चढायचा-उतरायचा बायकोचा त्रास वाचावा म्हणून करतोय, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. टेलरमास्तर म्हणाले, “बायकोची फार काळजी हो तुला,” आणि सगळे हसले, कारण काळजी कसली ते सगळ्यांना ठाऊक होतं.

यंत्र साधंच होतं. एका मोडक्या रेडिओतला आवाज वाढवणारा भाग त्याने काढून घेतला. तळहाताएवढे दोन स्पीकर घेतले, एक दुकानात आणि एक वर स्वयंपाकघरात. छताला भोक पाडून दोन तारा वर नेल्या. स्पीकरची एक गंमत असते. त्याच्या कागदी पडद्यातून जसा आवाज बाहेर येतो, तसाच समोरून आवाज आला तर तो पडदा थरथरतो आणि तारेत वीज उमटते. म्हणजे जे तोंड तेच कान. फक्त कुठल्या वेळी कोण तोंड आणि कोण कान हे ठरवायला मध्ये एक बटण लागतं. ते बटण भोंग्याने आपल्या टेबलावर बसवलं. दाबलं की वरचा डबा बोलणार. सोडलं की वरचा डबा ऐकणार. बटणाला स्प्रिंग होती, हात काढला की ते आपोआप वर यायचं. म्हणजे कुणी काही केलं नाही तर वरचा डबा सारखा ऐकतच राहणार. वर बटण नव्हतंच. वर कशाला लागतंय, असा भोंग्याचा हिशेब होता.

डबा म्हणजे पत्र्याचा बिस्किटांचा डबा, झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. तो त्याने ओट्याच्या वर मसाल्यांच्या फळीशेजारी ठोकला. बायको हात पुसत बघत होती.

“मी खालून बोलीन,” भोंगा म्हणाला. “शेवटी ‘बोल’ म्हणेन. मग तू बोलायचं. डबा ऐकेल.”

“आ-आणि एरवी?”

“एरवी झोपेल. तुझ्यासारखा.”

मुद्दाम खोटं बोलला असं नाही. स्पीकर आणि स्प्रिंग समजावून सांगायचा कंटाळा आला, आणि तोंडाशी विनोद आला. तिने मात्र ते अक्षरशः धरलं. ‘बोल’ ऐकू आलं की डब्याला कान फुटतात, बाकी वेळ तो नुसता पत्रा.

फळीवर त्या दिवशी गर्दी होती. भोंग्याने बटण दाबलं. “अगं ए, आज जेवायला काय? बोल!” आणि बटण सोडून आवाज वाढवला. खरखर झाली. मग “ब... ब... ब...” आलं, आणि बराच वेळ दुसरं काही आलंच नाही. दुकान हादरलं. भोंग्याने पुन्हा दाबलं. “नीट ऐकू आलं नाही गं. परत बोल!” तिने परत सांगितलं. तिला बिचारीला वाटलं, यंत्रात बिघाड आहे. तिसऱ्यांदाही सांगितलं. घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढून डोळे पुसले. “ही खरी चीज,” तो म्हणाला. “आता नक्कल कशाला करतोस?”

मग ते रोजचं झालं. ‘बोल’ हा शब्द तिला लहानपणापासून मास्तरांनी, मावश्यांनी, दुकानदारांनी ऐकवला होता, बोल ना, बोल की लवकर. आता तो पत्र्यातून येऊ लागला. डबा कडकडला की तिचे खांदे वर जात. ती एका शब्दात उत्तर देऊ लागली, तर भोंगा असे प्रश्न काढी ज्यांना एका शब्दात उत्तर नसे. एरवी दुकानात भांड्यांचा खणखणाट नको म्हणून तो आवाजाची खुंटी अगदी बारीक ठेवायचा. खेळ करायच्या वेळी तेवढी वाढवायची, पुन्हा बारीक. त्यामुळे त्या खुंटीमागे काय चाललंय हे बरेच दिवस त्यालाही माहीत नव्हतं.

कळलं ते खुंटी बिघडली म्हणून. फिरवली की करकर करत होती. एका दुपारी फळी रिकामी होती, तेव्हा त्याने तिच्यात तेलाचा थेंब सोडला आणि ती पूर्ण फिरवून बघितली. आणि दुकानात एक बाई बोलू लागली.

पहिल्यांदा त्याला वाटलं, कुठलातरी रेडिओ चालू राहिलाय आणि त्यावर नाटक लागलंय. तो एकेक सेट बंद करत सुटला. सगळे बंदच होते. बाईचा आवाज भरदार होता, ठसक्यात चालला होता, कुठे एक अडखळ नाही.

“हं, आता तू वर येशील. मी पाठ फिरवायचीच वाट बघतंयस ना? अगदी आमच्या ह्यांच्यासारखं आहेस. जरा तापलं की फसाफसा वर, आणि गार पडलं की तोंडावर साय. थांब, उतरवते तुला.”

पातेलं ठेवल्याचा आवाज आला. भोंगा उभ्याचा बसला.

ती दुधाशी बोलत होती. मग शेगडीशी बोलली, मग गळणाऱ्या नळाशी. मग विळीपाशी बसली असावी, आणि तिने टेलरमास्तरांना घेतलं. “साऱ्या जगाच्या विजारी बेततो आणि स्वतःची बघा! चालायला लागला की वाटतं, गुडघे एकीकडे निघालेत आणि विजार रुसून दुसरीकडे. आणि तो घड्याळजी, भिंग डोळ्यावरून काढायला विसरतो आणि तसाच घरी जातो. म्हणून त्याला बायकोचं तोंड मोठं वाटतं. बायकोचं काही नाही, भिंगाचं आहे ते.”

भोंग्याने तोंडावर हात दाबून धरला आणि हसला. दुसऱ्याच्या विनोदावर तो हसला असं त्याच्या आयुष्यात फार वेळा झालं नव्हतं. हसू ओसरलं तसा त्याला हेवा वाटला, चांगला सणसणीत. ही त्याच्यापेक्षा सरस होती. आणि मग, हे त्यालाही विचित्र वाटलं, त्याला ती हवीहवीशी वाटली. इतकी वर्षं ज्या बाईशेजारी तो झोपला ती ही नव्हतीच. ही कोण होती?

त्याला आजवर हे कळलं नव्हतं यात नवल नाही. तो कधी गुपचूप घरात शिरलाच नव्हता. जिन्याच्या तळाशी त्याची शिट्टी सुरू व्हायची, मधल्या पायरीवर खाकरणं, आणि वर पोचेपर्यंत बायकोने जीभ आवरलेली असायची. काही माणसांचं असं असतं की एकटी असली की जीभ मोकळी, समोर कुणी आलं की गाठ. ती दुपारच्या त्या वेळात दिवसभराचं सगळं बोलून घेत होती. तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्यानंतर भोंगा दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेऊ लागला. डोकं दुखतंय म्हणायचा. आत स्पीकरला कान लावून बसायचा, आणि त्याच्या हाताला लागलेलं काम तसंच पडून राहायचं. ती कधी आपल्या आईची गोष्ट सांगे, कधी माहेरच्या विहिरीवरच्या भांडणाची, सगळ्या बायकांचे आवाज वेगवेगळे काढून. एकदा ती गायली. भोंग्याने त्या वेळी एका गिऱ्हाइकाला दारातूनच हाकलून दिलं.

रात्री जेवताना तो तिच्याकडे चोरून बघे. “काय गं, काहीतरी सांग ना,” एकदा म्हणाला.

ती घाबरली. “का-काय?”

“काही नाही. वाढ आमटी.”

सांगून टाकावं असं त्याच्या मनात बऱ्याचदा आलं. पण सांगितलं की ते बोलणं बंद होणार, एवढं न कळण्याइतका तो बावळट नव्हता. तिला नुसती शंका आली असती तरी संपलं असतं. म्हणून त्याने ‘बोल’चा खेळही थांबवला. यंत्र बिघडलंय म्हणून सांगितलं, आणि वर तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. तिचं दुपारचं बोलणं आणखी खुललं. हे दिवस त्याचे चांगले गेले. लग्नानंतरचे हेच काय ते चांगले, असंही म्हणता येईल, फक्त दोघांतल्या एकालाच ते माहीत होतं.

फळीवरच्यांना मात्र चैन पडेना. दुपारचा कार्यक्रम बंद, नक्कल नाही, चहाही उशिरा. “भोंग्याची बॅटरी उतरली,” टेलरमास्तर म्हणाले. घड्याळजी म्हणाला, “लूज कनेक्शनला घाबरायला लागला तो.” भोंगा हसण्यावारी नेत होता. पण एक दिवस दुपारी ते दोघे अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरले, त्यांच्यामागे आणखी तिघंचौघं, आणि टेलरमास्तरांनी उभं राहून स्वतःच नक्कल सुरू केली. “ब-ब-बटाटा! मा-मा-मातीतलं!” भिकार नक्कल होती. तरी लोक हसले.

भोंग्याच्या डोक्यात सणक गेली. आपल्या बायकोची कुणी थट्टा करतंय म्हणून गेली, की आपला हशा कुणी पळवतंय म्हणून, हे त्याने तपासून पाहिलं नाही. दोन्ही असेल. “बस खाली,” तो टेलरमास्तरांवर ओरडला. “तुला बोलता येत नाही तसं बोलते माझी बायको. तुझी विजार उतरवून ठेवते. ऐकायचंय? ऐका.”

आणि त्याने खुंटी फिरवली.

हात फिरवताना त्याची छाती अभिमानाने भरून आली होती, हे खरं आहे आणि ते सांगायला हवं. त्याला तिला मिरवायचं होतं. पण ती काय बोलते हे तो ठरवत नव्हता, ती ठरवत होती.

आधी शिट्टी आली. मग खाकरणं. मग “ए मास्तर, काय म्हणतोस!” हुबेहूब भोंगा. दुकानातल्यांनी चमकून भोंग्याकडे पाहिलं, तर तो तोंड मिटून समोर बसलेला. वर बायको भोंग्याची नक्कल करत होती.

“आणि आरसा!” ती आता आपल्या आवाजात म्हणाली, आणि विळीवर काहीतरी खचकन कापलं. “सकाळी दाढी करताना आरशात बघून माझे ब-ब-ब घोकतो. ओठ कसे जातात, डोळे कसे मिटतात, सगळं. पाठ झालं की खाली जाऊन सुचलं म्हणून सांगतो. अरे भोंगोबा, सुचलं कुठलं? घोकलंस! शाळेतसुद्धा इतका अभ्यास केला नसशील.”

टेलरमास्तर फळीवरून घसरले. घड्याळजी “अरे देवा, अरे देवा” म्हणत भिंतीला टेकला. असा हशा त्या दुकानात कधी झाला नव्हता.

“पहिल्यांदा हसला ना,” आवाज चालूच होता, जरा खाली आला होता, “तेव्हा मला वाटलं, पोरगा आहे, कळलं नाही. मग दिसलं की कळूनच हसतो. तेव्हा रडू यायचं. आता नाही येत. आता कीव येते. माझी जीभ नीट असती तर ह्याच्याकडे सांगायला होतं काय? माझ्या जिभेच्या गाठींवर पोसलाय हा. उद्या मी खाली जाऊन दोन वाक्यं सरळ बोलले, तर दुकान बंद करावं लागेल बिचाऱ्याला.”

“हिला खाली आण रे!” टेलरमास्तर डोळे पुसत ओरडले. “हिला बसव गादीवर, आणि तू जा वर भांडी घासायला!”

सगळे तिच्यावर खूश होते. सगळे त्याच्याकडे बघून हसत होते. भोंग्याचे कान लाल झाले. त्याचा हात बटणावर होता. ते दाबलं की काय जाणार हे त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत होतं. त्याने दाबलं.

“व-व-वा!” तो तिच्याच अडखळीत म्हणाला, ओठ तसेच, डोळे तसेच मिटून, आजवरची सर्वांत चांगली नक्कल. “छा-छान! आम्ही स-स-सगळे ऐकतोय! अजून ब-ब-बोल!”

बटण सोडलं. वर काहीतरी जमिनीवर पडलं. मग काही नाही. नळ गळत होता तेवढा.

खाली मात्र छप्पर उडायची वेळ आली. “आता आलास रंगात!” टेलरमास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. घड्याळजीने त्याचा हात हातात घेऊन हलवला. भोंग्याला इतकी दाद आयुष्यात मिळाली नव्हती, आणि तो सवयीने हसलाही.

संध्याकाळी तो वर गेला तेव्हा जेवण तयार होतं. तिने वाढलं, त्याने विषय काढला नाही. होईल चार दिवसांत ठीक, त्याला वाटलं. दुसऱ्या दुपारी शटर ओढून त्याने कान लावला. भांड्यांचा आवाज, पाण्याचा आवाज. दूध उतू गेल्याची चर्र. तिसऱ्या दुपारी तसंच. मग एक दिवस सगळेच आवाज दबले. तिने डब्यावर जाड टॉवेल गुंडाळला होता. त्यातूनही तो ऐकत राहिला. तिने नळाला शिवी दिली असती तरी त्याला चाललं असतं. तिने नळावर अवाक्षर काढलं नाही. डब्याच्या पलीकडे माणूस आहे की नाही हे पावलांवरूनच कळायचं.

आठवडे गेले तसं त्याला राहवेना. कुणी खेचलं तर उलट खेचायचीही इच्छा होईना. शेवटी एका सकाळी तो वर गेला, शिट्टी न वाजवता, आणि दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. रेडिओवर नाटक लागलंय असं कसं वाटलं, शटर का ओढत होतो, गिऱ्हाइकाला कसं हाकललं. “मला आवडायचं गं तुझं बोलणं,” तो म्हणाला. “देवाशपथ आवडायचं.”

ती पोळपाटावरची नजर न उचलता म्हणाली, “कि-किती दिवस?”

“बरेच. पावसाळ्याच्या आधीपासून.”

लाटणं हातात तसंच होतं. एकेक दुपार ती आठवून पाहत होती, आपण काय बोललो, कशाबद्दल, आईचं, विहिरीचं, गाण्याचं, आणि प्रत्येक दुपारी हा खाली कान लावून बसलेला. तिचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. भोंग्याला वाटलं, तिचा विश्वास बसत नाहीये. मग त्याने जे केलं ते त्याच्यासारखा माणूसच करू जाणे. आपल्याला खरंच आवडायचं हे पटवायला तो तिचीच वाक्यं तिला ऐकवू लागला.

“‘जरा तापलं की फसाफसा वर, आणि गार पडलं की तोंडावर साय!’ काय म्हणालीस गं! आणि ते, ‘विजार रुसून दुसरीकडे...’”

त्याने तिचा आवाज काढला होता. तो मोकळा, ठसक्यातला आवाज, तंतोतंत, तिने कधी कुणासमोर न काढलेला. प्रेमानेच काढला होता. पण नक्कल ती नक्कलच. ती उठून मागे सरकली, ओट्याला पाठ लागेपर्यंत. तिने दोन्ही हात कानांवर घेतले.

“नको ना,” तो गडबडून म्हणाला. “बरं, राहिलं. हे बघ, मी हे काढूनच टाकतो.”

त्याने टॉवेल सोडवला, डबा खिळ्यांसकट उपटला, तिच्यासमोर स्पीकरचा कागदी पडदा बोटाने टराटरा फाडला. दोन्ही तारा भोकातून ओढून काढल्या, पक्कडीने त्यांचे तुकडे केले. खाली जाऊन बटणही उखडून आणलं आणि तिच्या हातावर ठेवलं. भोकात सिमेंट भरून वरून हात फिरवला. घामाघूम झाला होता. “संपलं,” तो म्हणाला. “आता कुणी ऐकत नाही. मी नाही, कुणी नाही. तू बोल, मनात येईल ते बोल. मी खाली शटर उघडं टाकून बसेन, पाहिजे तर बाहेर जाऊन उभा राहीन.”

तिने बटण ओट्यावर ठेवलं. तारेचे तुकडे केरसुणीने गोळा करून सुपलीत भरले. मग मसाल्यांच्या बरण्या एकेक करून फळीवरून उतरवल्या आणि त्यांच्या मागची भिंत बोटाने चाचपली. नळाखाली वाकून पाहिलं. विजेच्या बोर्डावर तिची नजर थांबली, तिथून वर जाणाऱ्या वायरीवरून सरकत सरकत छतावर गेली.

“दु-दुसरा कुठे आहे?” तिने विचारलं.

“दुसरा? अगं दुसरा नाहीच! होता तो एवढाच. आई शपथ.”

तिने मान हलवली, फळीवरच्या लोकांपुढे हलवायची तशी. कोपऱ्यातलं स्टूल ओढून खोलीच्या मध्यावर आणलं, पदर खोचला, वर चढली आणि दिव्याचा बल्ब फिरवून काढू लागली, आतलं बघायला.

“अगं शॉक बसेल,” भोंगा म्हणाला. त्याने धावत जाऊन मेन स्विच बंद केला, परत आला आणि खाली स्टूल धरून उभा राहिला.